गृहसंकुलातील सर्वेक्षण: प्रश्नावली कशी रचावी आणि निष्कर्ष कसे मांडावेत

ठाण्यात आणि नवी मुंबईत एखाद्या नागरी प्रश्नावर निवेदन द्यायचे ठरले की अनेकदा त्यासोबत सर्वेक्षण जोडले जाते. गृहसंकुलांचे फेडरेशन, ज्येष्ठ नागरिक संघ, प्रकल्प करणारे विद्यार्थी असे सगळेच प्रश्नावली तयार करतात. गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, दोन दिवसांत रंगीत आलेख तयार होतात आणि "बहुसंख्य रहिवाशांची मागणी" अशा शीर्षकाने कागद महापालिकेत दाखल होतो. तो वाचणारा जाणकार अधिकारी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधतो: किती जणांना विचारले आणि ते कोण होते. याचे उत्तर कागदात सापडले नाही, तर मागणी कितीही रास्त असली तरी ती बाजूला ठेवणे सोपे जाते. हेच काम पद्धतशीर केलेले असेल तर मात्र ते नाकारण्यासाठीही कारण द्यावे लागते.

पुढील विवेचनात एकच उदाहरण धरले आहे. समजा, घोडबंदर रस्त्यालगतच्या १,२०० घरांच्या एका वसाहतीला सकाळच्या वेळेत ठाणे स्थानकापर्यंत टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेची, जादा बस हवी आहे आणि त्यासाठी रहिवाशांचे सर्वेक्षण करायचे आहे. या उदाहरणातील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

प्रश्नांआधी निर्णय

पहिला प्रश्न लिहिण्यापूर्वी अहवालातील शेवटचा तक्ता कोऱ्या रकान्यांसह आखून घ्यावा. बसचे वेळापत्रक ठरवणाऱ्याला काय लागते याचा विचार केला तर तक्त्याचे रकाने आपोआप ठरतात: किती माणसे, किती वाजता, कोणत्या गेटजवळून, कुठे जाण्यासाठी निघतात, आज ती कशाने जातात, आणि त्यांना महिन्याकाठी किती खर्च येतो. "सध्याच्या बससेवेबद्दल आपण समाधानी आहात का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत असतो, पण या तक्त्यात त्याला जागा नाही. प्रत्येक प्रश्नासमोर समासात एक वाक्य लिहावे, की उत्तर उलटे आले तर आपण काय वेगळे करू. जिथे असे वाक्य सुचत नाही, तो प्रश्न काढून टाकावा. तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीतील अर्धे प्रश्न या एका चाळणीत गळून पडतात, आणि दारात उभे राहून दहा मिनिटे देणाऱ्या माणसाच्या वेळेचा मानही राखला जातो.

विचारायचे कोणाला

व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग आहे. सोसायटीच्या ग्रुपवर बहुधा घरमालक असतात, भाडेकरू क्वचितच. आणि लिंक उघडून फॉर्म भरण्याची तसदी तोच घेतो ज्याला त्या विषयाचा त्रास किंवा विशेष आस्था आहे. शिवाय त्या बसने रोज येणाऱ्या घरकाम करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक, दुकानातील मुले यांच्यापर्यंत ती लिंक जातच नाही. बसचा प्रश्न असेल तर ही माणसे वगळून काढलेला निष्कर्ष अर्धाच म्हणावा लागेल. त्यांच्यासाठी सकाळी गेटवर स्वतंत्र, लहान मोजणी ठेवावी.

उत्तरांची संख्या मोठी असली की हा दोष धुऊन निघतो असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन विजयी होतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्त्यांच्या याद्यांत दूरध्वनी आणि मोटार बाळगणारे लोक जास्त होते, आणि मतपत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेणारे लोकही सर्वांसारखे नव्हते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून, म्हणजे निवडलेल्या थोड्या लोकांच्या उत्तरांवरून, योग्य अंदाज वर्तवला होता.

आपल्या उदाहरणात यादी हाताशी आहे. सर्व सोसायट्यांच्या सदनिकांची विंग आणि मजल्यानुसार एक सलग यादी करावी. २०० घरे हवी असतील तर १,२०० भागिले २०० म्हणजे दर सहावे घर येते. १ ते ६ मधील सुरुवातीचा क्रमांक चिठ्ठी काढून ठरवावा आणि तिथून पुढे प्रत्येक सहावे घर घ्यावे. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घराची बेल वाजवू नये. दिवसभर उघडी असणारी घरे आणि सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणारी घरे सारखी नसतात. बसची गरज तर दुसऱ्या प्रकारच्या घरांना जास्त. म्हणून वेगवेगळ्या वेळी, निदान एकदा रविवारी, असे तीन वेळा तरी जावे आणि तरीही भेट झाली नाही तर तशी नोंद करावी. मुळातच रिकामी असलेली सदनिका आणि कुलूप लागलेले राहते घर यांची नोंद वेगवेगळी हवी.

घरातील कोणी उत्तर द्यायचे, हेही आधी ठरवावे. पाणी किती वेळ येते, घरातून किती जण बाहेर पडतात अशा बाबी घरातील कोणतीही जाणती व्यक्ती सांगू शकते. मत विचारायचे असेल तर मात्र दार उघडणाऱ्याचेच मत घेत राहिल्याने नमुना एका बाजूला झुकतो. अशा वेळी १८ वर्षांवरील ज्या व्यक्तीचा वाढदिवस यापुढे सर्वांत आधी येतो तिलाच विचारावे. ही रीत सोपी आहे आणि घरच्यांनाही पटते.

नवी मुंबईत एक वेगळी अडचण येते. सेक्टरमधील इमारतींची यादी सोसायटीकडे मिळते, पण घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे यांसारख्या गावठाणांत एकाच घरक्रमांकाखाली चार-पाच बिऱ्हाडे राहत असू शकतात, आणि मतदारयादीत भाडेकरूंची नावे असतीलच असे नाही. येथे आधी गल्लीगल्लीतून फिरून बिऱ्हाडांची यादी करावी आणि मग त्यातून निवड करावी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही निवडलेल्या गावात किंवा शहरी विभागात आधी सर्व कुटुंबांची यादी केली जाते आणि नंतर नमुना काढला जातो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यास गावठाण अहवालातून न सांगता वगळले जाते, आणि त्या रहिवाशांवर तो अन्याय ठरतो.

नमुना किती मोठा असावा, याचे उत्तर शहराच्या लोकसंख्येवर फारसे अवलंबून नसते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती; तरीही दोन्ही शहरांना जवळजवळ सारखाच नमुना लागेल. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या निव्वळ योगायोगाने, निवडलेल्या १०० जणांच्या उत्तरांत सुमारे १० टक्के, ४०० जणांच्या उत्तरांत सुमारे ५ टक्के आणि १,००० जणांच्या उत्तरांत सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. हे गणित केवळ यादृच्छिक निवडीला लागू पडते. ग्रुपवर आपणहून आलेल्या उत्तरांना ते लावू नये.

प्रश्नांचे शब्द

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. "वारंवार विस्कळीत होणाऱ्या पाणीपुरवठ्यामुळे आपली किती गैरसोय होते?" हा प्रश्न पाहा. पुरवठा विस्कळीत होतो हे प्रश्नानेच ठरवून टाकले आहे. तो "आपल्या भागातील पाणीपुरवठा कसा आहे?" असा केला तर आरोप जातो, पण मोजता येईल असे काही हाती लागत नाही. "गेल्या सात दिवसांत किती दिवस आपल्या स्वयंपाकघरातील नळाला पाणी आले नाही?" असे विचारले की आकडा मिळतो. तरीही एक त्रुटी राहते: उंच इमारतीत नळाला गच्चीवरील टाकीतून पाणी येते, त्यामुळे महापालिकेचे पाणी आले नाही तरी टँकर मागवून टाकी भरली असेल तर रहिवाशाला काही कळतच नाही. तेव्हा नळाचा प्रश्न रहिवाशाला आणि टँकर किती आले हा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावा. ज्याला उत्तर माहीत असण्याचा संभव आहे त्यालाच प्रश्न विचारायचा, हा नियम साधा आहे, पण तो फार वेळा मोडला जातो.

एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. "बस वेळेवर आणि स्वच्छ असते का?" याला "वेळेवर असते, पण स्वच्छ नसते" असे म्हणणाऱ्याने कुठे खूण करायची? त्याचप्रमाणे "आपण या विधानाशी सहमत आहात का?" अशा प्रश्नांची लांबलचक रांग लावू नये, कारण समोरच्याचा मान राखायचा म्हणून अनेक जण होकार देत जातात. शब्द बदलला की उत्तर किती बदलते याचा पुरावा जुना आहे. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांविषयीचा प्रश्न अमेरिकेत दोन रूपांत विचारला गेला आणि संशोधक डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. "परवानगी द्यावी का?" याला ६२ टक्के लोकांनी नाही म्हटले, "बंदी घालावी का?" याला मात्र ४६ टक्केच हो म्हणाले. स्थानकाबाहेरील फेरीवाल्यांविषयी विचारताना हे लक्षात ठेवावे. "हटवावे का?" असे विचारण्याऐवजी "हटवावे, ठरावीक जागी बसू द्यावे, की आहे तसे राहू द्यावे?" असे सर्व पर्याय प्रश्नातच मांडावेत.

काळाचा उल्लेख नेमका हवा. "आपण सहसा स्थानकाला कसे जाता?" यावर लोक आपल्याला बरी वाटणारी सवय सांगतात. "काल कसे गेलात?" हे जास्त खरे उत्तर मिळवून देते, पण मुलाखती रविवारी घेतल्या तर काल शनिवार होता आणि अनेकांना सुट्टी होती, म्हणून "मागच्या कामाच्या दिवशी घरातून किती वाजता निघालात आणि स्थानकापर्यंत कशाने गेलात?" असे विचारावे. पर्यायांत टीएमटी बस, शेअर रिक्षा, एकट्याची रिक्षा, स्वतःची दुचाकी, कंपनीची बस, पायी असे सर्व प्रकार हवेत आणि एकाच फेरीत दोन वाहने वापरणाऱ्यासाठीही सोय हवी. वेळेचे किंवा रकमेचे गट एकमेकांवर चढता कामा नयेत. "५ ते १०" आणि "१० ते १५" असे गट दिले तर दहा मिनिटे थांबणारा माणूस दोन्हीकडे बसतो. "माहीत नाही" आणि "लागू नाही" हे दोन वेगळे पर्याय आहेत.

मत मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली, पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंतच्या पाच पायऱ्यांची मोजपट्टी आजही उपयोगी पडते. मात्र दोन्ही बाजूंना सारख्या पायऱ्या असाव्यात आणि प्रत्येक पायरीला शब्द द्यावा. पर्याय वाचून दाखवले तर शेवटचे जास्त लक्षात राहतात आणि छापील यादीत वरचे जास्त निवडले जातात, म्हणून निम्म्या प्रतींत क्रम उलटा ठेवावा.

चांगले दिसण्याची इच्छा उत्तरांत शिरते, हे कचऱ्याच्या प्रश्नात विशेष दिसते. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईचे नाव सातत्याने वरच्या क्रमांकांत येते आणि तेथील रहिवाशांना त्याचा रास्त अभिमान आहे. अशा शहरात "आपण ओला आणि सुका कचरा वेगळा करता का?" असे विचारल्यावर नाही म्हणायला कोण धजावेल? त्याऐवजी "आज सकाळी कचरा किती डब्यांत दिलात?" असे विचारावे आणि शक्य असेल तर कचरा गोळा करण्याच्या वेळी प्रत्यक्ष पाहून नोंद करावी. उत्पन्न, भाडे अशा खाजगी बाबी शेवटी, गटांच्या स्वरूपात आणि उत्तर न देण्याची मुभा देऊन विचाराव्यात. नाव आणि मोबाइल क्रमांक खरोखर लागणार नसेल तर घेऊच नये. घेतल्यास तो कशासाठी आणि किती काळ ठेवणार हे आधी सांगून संमती घ्यावी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झालेला आहे, हे स्वयंसेवी गटांनीही ध्यानात ठेवावे.

चाचणी फेरी

प्रश्नावली तयार झाली की ती समितीबाहेरच्या दहा-बारा जणांवर चालवून पाहावी, आणि त्यांत वयस्कर माणसे, भाडेकरू, मराठी कमी समजणारे शेजारी असे वेगवेगळे लोक असावेत. उत्तर घेतल्यावर थांबून विचारावे: "घरात किती माणसे राहतात, याला आपण पाच म्हणालात, कोणाकोणाला मोजलेत?" तेव्हा कळते की त्यांत पुण्यात वसतिगृहावर राहणारा मुलगा आहे, चातुर्मासापुरत्या गावाहून येणाऱ्या आजी आहेत आणि आजोबांची देखभाल करायला चोवीस तास राहणारी बाई मात्र नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरात जेवणारे लोक म्हणजे कुटुंब, अशी व्याख्या वापरली जाते. आपल्या प्रश्नावलीतही अशी व्याख्या एका ओळीत छापावी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन प्रती असतील तर त्या तिन्ही भाषा जाणणाऱ्या, पण मूळ मसुदा न पाहिलेल्या व्यक्तीकडून ताडून घ्याव्यात.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचे सर्वेक्षण १९३७ पासून लहान फेऱ्यांनी सुरू करून हळूहळू वाढवत नेले. त्यांची आणखी एक युक्ती आपल्या कामाला फार उपयोगी आहे. एकाच भागाचा नमुना दोन भागांत विभागून दोन स्वतंत्र चमूंना द्यायचा आणि त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवायचे. आपल्या २०० घरांपैकी १०० एका गटाने आणि १०० दुसऱ्या गटाने केली, दोन्हींत सर्व विंगमधील घरे असली आणि तरीही आकड्यांत मोठी तफावत आली, तर रहिवाशांपेक्षा विचारणाऱ्यांच्या पद्धतीत फरक आहे असे समजून तपास करावा. स्वयंसेवकांनी प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचावा, आपल्या शब्दांत समजावू नये, एवढे प्रशिक्षण तरी आवश्यक आहे.

निष्कर्ष मांडताना

अहवालाच्या पहिल्याच पानावर हिशेब द्यावा. समजा निवडलेल्या २०० घरांपैकी १२ रिकामी निघाली. उरलेल्या १८८ पैकी १३८ घरांनी उत्तरे दिली, २७ घरे तीन खेपांनंतरही बंद होती आणि २३ घरांनी नकार दिला. प्रतिसाद ७३ टक्के झाला. हे लिहिल्याने अहवाल दुबळा होत नाही; वाचणाऱ्याचा विश्वास येथेच बसतो. त्यापुढे प्रत्येक निष्कर्षाशेजारी मूळ प्रश्न शब्दशः द्यावा.

"८० टक्के ठाणेकर बससेवेवर नाराज" अशा वाक्यात कोणाला, कधी आणि काय विचारले यांपैकी काहीच नाही. त्याऐवजी असे लिहावे: "उत्तर देणाऱ्या १३८ घरांपैकी ६१ घरांतून, म्हणजे ४४ टक्के घरांतून, मागच्या कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ या वेळेत किमान एक व्यक्ती ठाणे स्थानकाकडे गेली, नमुन्यामुळे या टक्केवारीत सुमारे ८ टक्के इतका कमी-अधिक फरक संभवतो." एवढ्या लहान नमुन्यावर ४४.२ असा दशांश लिहिणे अयोग्य आहे. एखाद्या गटात पाचच माणसे असतील तर "६० टक्के" न लिहिता "पाचपैकी तिघे" असे लिहावे. ४०० जणांच्या सर्वेक्षणात ५२ विरुद्ध ४८ टक्के आले तर त्याला कौल म्हणू नये. मत जवळजवळ समान विभागलेले आहे, असेच सांगावे.

सरासरीची विशेष काळजी घ्यावी. सात घरांचा महिन्याचा प्रवासखर्च ९००, १,०००, १,२००, १,२००, १,५००, १,८०० आणि १२,००० रुपये असेल तर सरासरी २,८०० रुपये येते, जी सातपैकी सहा घरांच्या खर्चापेक्षा जास्त आहे, कारण एक घर रोज टॅक्सीने जाते. येथे मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांत मधोमध येणारा आकडा (१,२०० रुपये), खरे चित्र दाखवतो. उत्तरे देणाऱ्यांत एखादा गट कमी पडला असेल तर त्याला भार देता येतो: वसाहतीतील राहत्या घरांत भाडेकरूंची घरे १०० पैकी ४० असून उत्तरांत १०० पैकी २५ च आली असतील, तर भाडेकरूंच्या प्रत्येक उत्तराला १.६ आणि मालकांच्या उत्तराला ०.८ इतके वजन द्यावे, आणि भार देण्यापूर्वीचे आकडेही छापावेत. आलेखासाठी शून्यापासून सुरू होणारे साधे स्तंभ पुरेसे आहेत.

मागणीच्या विरोधात जाणारी उत्तरे गाळू नयेत. साडेनऊनंतर बसला प्रवासी मिळणार नाहीत असे आकडे सांगत असतील तर ते तसेच लिहावे. सकाळच्या दोन तासांची मागणी त्यामुळे अधिक बळकट होते. अहवालाची प्रत आणि कोरी प्रश्नावली प्रत्येक गेटच्या सूचनाफलकावर लावावी, कारण उत्तरे ज्यांनी दिली त्यांचा निष्कर्षांवर पहिला हक्क आहे. पुढच्या वर्षी तुलना करायची असेल तर तेच शब्द, तोच क्रम आणि शक्यतो तोच महिना ठेवावा, कारण जुलैतील प्रवास आणि डिसेंबरमधील प्रवास एकसारखा नसतो. एखादा प्रश्न सुधारणे अपरिहार्यच झाले, तर नमुन्याच्या निम्म्या घरांना जुना आणि निम्म्या घरांना नवा प्रश्न विचारावा, म्हणजे आकड्यातील बदल किती परिस्थितीमुळे झाला आणि किती शब्दांमुळे, हे वेगळे करून सांगता येते.